तेवीस पालकांचं मत

आमच्या शाळेबद्दल पालकांचं मत फार चांगलं होतं. हे मी अगदी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ती मतं मीच लिहिली होती. एकूण तेवीस. अक्षरही बरं काढलं होतं.

साल शहाऐंशी. मासवणच्या पुढे आत वळलं की वेळशेत लागायचं, आणि वेळशेतच्या टोकाला आमचं हायस्कूल. आठवी ते दहावी असे तीन वर्ग, पत्र्याचं छप्पर आणि शिक्षकांच्या पाच जागा. त्यांतल्या तीन भरलेल्या होत्या. हेडमास्तर पागधरे सर, मी, आणि गणिताचे एक सर, जे आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या शाळेला उसने दिलेले असत. विज्ञानाचे सर दीड वर्षापूर्वी बदली करून घेऊन गेले ते गेलेच. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

मी मूळचा सिन्नरकडचा. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. पागधरे सर म्हणाले, "वाघचौरे, तुम्ही विज्ञान निदान वाचून तरी दाखवा." मग मी वाचून दाखवत असे. पुस्तकात लिहिलेलं असायचं, 'खालील कृती करून पाहा', तेही मी वाचून दाखवत असे आणि पुढच्या परिच्छेदावर जात असे. कृती करायला आमच्याकडे एक फुटकी परीक्षानळी आणि एक लोहचुंबक होता. लोहचुंबक गणिताच्या सरांनी टाचण्या उचलायला नेला होता. हृदयाची आकृती मी फळ्यावर काढली तेव्हा डावं-उजवं उलटं झालं. मुलांनी तशीच उतरवून घेतली. चूक माझ्या लक्षात आली ती आठवडाभरानं, आणि तोवर पुढचा धडा सुरू झाला होता. आता दुरुस्त कशाला करा, असं मला वाटलं. त्या दिवसांत मला बहुतेक सगळ्याच गोष्टींबद्दल असं वाटायचं.

आदल्या वर्षी आमच्या शाळेतून दहावीला सव्वीस मुलं बसली. दोन पास झाली. निकालाच्या दिवशी मी पालघरच्या स्टँडवर उभ्या उभ्या पेपर वाचला, घडी करून पिशवीत टाकला आणि वेळशेतची एस.टी. पकडली. वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण तसं काही वाटलं नाही.

यंदा दहावीला एकतीस जण होते. त्यांतली तेवीस मुलं पाड्यांवरची. त्यांत सोमी नावाची एक मुलगी होती, चिंधूची. चिंधू वरच्या पाड्यावरचा, डोंगरउतारावर दोन तुकडे भाताचे, तेही पावसावर. सोमी बोलायला कमी होती, पण दर चार दिवसांनी येऊन मला एकच गोष्ट विचारायची, की सायन्सला सर कधी येणार. तिला नर्स व्हायचं होतं. उपकेंद्रातल्या जयवंती सिस्टर लसी टोचायला पाड्यांवर जात तेव्हा रविवारी लसीचा डबा धरून सोमी त्यांच्याबरोबर फिरायची. सिस्टरांनी तिला सांगितलं होतं, दहावी काढ, नर्सिंगचा फॉर्म मी स्वतः भरून घेते. बाकीच्या विषयांची तिला काळजी नव्हती. मराठीत तर तिचा कागद तपासताना मला लाल पेन शोधावं लागत नसे. अडत होतं ते विज्ञानाशी, म्हणजे माझ्याशी.

आता अंगठ्यांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दिवाळी झाली, भात झोडून झालं की पाडे रिकामे होत. माणसं भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्ट्यांवर जात ती थेट शिमग्याला परत. चार दिवस होळी करून पुन्हा जात ती पाऊस तोंडाशी येईपर्यंत. पाड्यावर म्हातारी माणसं राहत आणि शाळेत जाणारी पोरं त्यांच्यापाशी राहत. आणि नेमकं याच दिवसांत शाळेला पालकांच्या सह्या लागत. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीच्या दाखल्याचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म. भट्टीवर कोण जाणार सह्या आणायला, आणि कुठल्या भट्टीवर?

म्हणून वेळशेतला फार वर्षांची एक रीत होती. कुणी काढली ठाऊक नाही, पागधरे सरांच्याही आधीची. निघायच्या आदल्या दिवशी आईबाप शाळेत येत आणि पाच कोऱ्या कागदांवर अंगठे देऊन जात. फुलस्केपच्या तळाशी, उजवीकडे. मी कोपऱ्यात पेन्सिलीनं नाव लिहीत असे. चार कागद नेहमीच्या अर्जांना आणि एक वरकड, काही अचानक लागलं तर. ते सगळे कागद ऑफिसातल्या पत्र्याच्या पेटीत राहत. अंगठा दिला की माणसं बोटाची शाई डोक्याच्या केसांना पुसत आणि जाताना म्हणत, "बगा सर, पोरांचा." एवढ्यावर कारभार चालायचा. कधी गैर झालं नव्हतं. पेटीला कुलूपसुद्धा नव्हतं.

त्या वर्षी चिंधू आला तेव्हा त्यानं अंगठे दिले आणि जरा थांबला. म्हणाला, "सर, सोमी सांगते, सायनीसला मास्तर नाय. खरा हाय का?"

मी म्हटलं, "वर कळवलंय. येईल."

"मग बरा," तो म्हणाला आणि गेला. बायको लाडकी बाहेर आंब्याखाली गाठोडं घेऊन उभी होती. दोघं त्याच दुपारी ट्रकमधून गेली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. शाळेचा निकाल समाधानकारक नसल्याने तपासणी समिती दहा डिसेंबरला येईल, पालक आणि विद्यार्थी यांची शाळेविषयीची मते जाणून घेईल, व दहावीचा वर्ग पुढे चालू ठेवावा किंवा कसे याचा विचार करील. निम्म्याहून अधिक पालक उपस्थित असावेत किंवा त्यांचे लेखी अभिप्राय सादर करावेत.

पागधरे सरांनी पत्र दोनदा वाचलं. किनाऱ्यावरच्या दांडी गावचा माणूस, रोज बोईसरवरून दोन एस.ट्या बदलून यायचा, रिटायर व्हायला आठ महिने उरलेले. मला म्हणाले, "वर्ग बंद झाला तर ही पोरं बोईसरला जातील का हो?"

"मुलगे जातील चारदोन. मुली नाही जाणार."

"आणि पालक आणायचे कुठून?"

आम्ही दोघंही पेटीकडे बघत होतो. सर म्हणाले, "एकेक वरकड कागद आहे ना प्रत्येकाचा?"

मला कुणी जबरदस्ती केली नाही, हे सांगितलं पाहिजे. सर भित्रे होते, पण दांडगे नव्हते. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा काही मार्ग काढला असता, किंवा नसता काढला. मी नाही म्हटलं नाही. शाळा वाचवायची तर चांगलंच लिहायला पाहिजे, एवढा सरळ हिशेब माझ्या डोक्यात होता. शनिवारी शाळा सुटल्यावर बसलो आणि तेवीस कागद लिहून काढले. सगळे एकसारखे दिसू नयेत म्हणून थोडा फेरफार केला. कुणाच्या कागदावर 'शिक्षक मन लावून शिकवतात', कुणाच्या कागदावर 'मुलांची प्रगती होत आहे'. चिंधूच्या कागदावर लिहिलं, 'माझी मुलगी या शाळेत दहावीत शिकते. सर्व विषय व्यवस्थित शिकवले जातात. माझी शाळेविषयी कोणतीही तक्रार नाही.' 'सर्व विषय' लिहिताना हात थबकला असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. तो सतरावा कागद होता आणि मला चहा हवा होता.

समिती जीपमधून आली. तीन माणसं, त्यांतले एक मोठे साहेब, बाकीचे दोघं त्यांच्या फायली धरायला. साहेब काही वाईट नव्हते. आवाज न चढवता बोलत, मुलांना 'बाळ' म्हणत, आणि पागधरे सरांनी घरून आणलेली बोंबलाची चटणी त्यांनी मागून घेतली.

हजर पालक आठ. वेळशेतचे दुकानदार, दोनतीन बागायतवाले, आणि रामकिसन. रामकिसन जालन्याकडचा, बोईसरला रंगाच्या कंपनीत कामाला. बोईसरात खोली परवडत नाही म्हणून वेळशेतला राहायचा आणि सायकलनं पाळीला जायचा. नखांचा पिवळा रंग कधी उतरत नसे. त्याचा मुलगा दादू सोमीच्याच वर्गात. साहेबांनी विचारलं, शाळेबद्दल मत काय. दुकानदार म्हणाले, उत्तम. बागायतवाले म्हणाले, उत्तम. रामकिसन उभा राहिला.

"सायेब, मी रातपाळी करून आलोय, म्हणून थोडक्यात सांगतो. मास्तर लोक वाईट न्हाईत. पर दीड वर्स झालं, इज्ञानाला मास्तरच न्हाई. वाघचौरे सर पुस्तक वाचत्यात. वाचायला तर माझ्या पोरालाबी येतं."

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी मात्र मान डोलावली, का ते ठाऊक नाही. बहुधा मला ते पटलं होतं.

साहेबांनी लिहून घेतलं. मग ते वर्गावर गेले आणि मुलांना कोरे कागद वाटले. आम्हा शिक्षकांना बाहेर थांबायला सांगितलं. "बाळांनो, शाळा कशी वाटते ते खरं खरं लिहा. नाव घाला. घाबरू नका."

पागधरे सरांनी आदल्या दिवशी वर्गात सांगून ठेवलं होतं, की चांगलं लिहा. मुलांनी ते ऐकलं. सगळ्यांनी 'माझी शाळा' हा निबंध लिहिला, जो मीच त्यांच्याकडून आठवीपासून पाठ करून घेतला होता. त्या निबंधातल्या शाळेला भव्य इमारत होती, समोर फुलबाग होती, ग्रंथालय होतं आणि प्रयोगशाळाही होती. साहेब ऑफिसात बसून एकेक कागद वाचत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मुलांना हा निबंध येतो, म्हणजे मराठी बरं आहे, असं ते म्हणाले.

मग त्यांना सोमीचा कागद लागला. तो निबंध नव्हता. चार ओळी होत्या. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. ऑफिसात साहेब, त्यांची दोन माणसं, पागधरे सर, आणि दाराशी मी. रामकिसन बाहेर सायकलपाशी विडी ओढत होता.

साहेबांनी तिचा कागद मोठ्यानं वाचला. "'आमच्या शाळेत विज्ञानाला सर नाहीत. प्रयोग एकही झाला नाही. मला नर्स व्हायचे आहे म्हणून विज्ञानात पास व्हायला पाहिजे. सर पाठवावे ही विनंती.' हे तू लिहिलंस?"

"हो."

साहेबांनी दुसरा कागद काढला. मी तो लांबूनच ओळखला. "वडिलांचं नाव चिंधू ना? हे त्यांनी लिहून दिलेलं. 'सर्व विषय व्यवस्थित शिकवले जातात. माझी शाळेविषयी कोणतीही तक्रार नाही.' खाली त्यांचा अंगठा आहे." त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. "आता मला सांग बाळ, खोटं कोण बोलतंय? तू का तुझे वडील?"

पालकांचे अर्ज आम्हीच लिहितो, ते सांगतात आणि आम्ही लिहितो, हे शाळेत सगळ्यांनाच ठाऊक. त्यामुळे कागदावर माझं अक्षर होतं याचं तिला नवल वाटायचं कारण नव्हतं. ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. मी दारातच होतो, चार पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, तो कागद मी लिहिलाय. एवढंच. पागधरे सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चौकटीला धरून उभा राहिलो.

"मी खोटा लिवला," सोमी म्हणाली.

"मग तसं लिहून दे इथं."

तिनं आपल्याच चार ओळींखाली लिहिलं, 'वरील मजकूर खोटा आहे.' आणि सही केली. साहेब म्हणाले, "शाबास. चूक कबूल करायला धैर्य लागतं." तेही त्यांनी मनापासूनच म्हटलं. ती माझ्या बाजूनंच बाहेर गेली.

जेवण झाल्यावर, जीपकडे जाता जाता, साहेबांनी पागधरे सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "वर्ग चालू राहील, काळजी करू नका. इतके समाधानी पालक मी पाहिले नाहीत. विज्ञानाचा एक शिक्षक आहे आमच्या हातात, जानेवारीपासून द्यायचाय. तुमची शाळा का शेजारच्या खोऱ्यातली, असा प्रश्न होता. तिथं पालक फार ओरडतायत. तुमच्याकडे तक्रार म्हणाल तर तो एक कंपनीवाला, आणि तो काही इथला नव्हे. तेव्हा तिकडे देतो."

जीप गेली. पागधरे सर म्हणाले, "शाळा वाचली." मी म्हटलं, "हो." आम्ही दोघांनी मिळून ऑफिसातल्या खुर्च्या पुन्हा वर्गात नेऊन ठेवल्या.

मला त्या रात्री झोप लागली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं की अशा वेळी झोप लागत नसावी. व्यवस्थित लागली. दुसऱ्या दिवशी मी दहावीच्या वर्गावर गेलो, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. सोमी तिसऱ्या बाकावर होती, लिहून घेत होती. सायन्सला सर कधी येणार, हे तिनं त्यानंतर विचारलं नाही. मला त्याचं बरंच वाटलं. लाज म्हणतात ती हीच असावी, पण ती काही टोचत वगैरे नव्हती. पायाला मुंग्या आल्या की तो असून नसल्यासारखा होतो, तशी ती होती.

रामकिसननं जानेवारीतच दादूला बोईसरला क्लास लावला. जाताना मला म्हणाला, "सर, तुमच्यावर राग न्हाई." मी म्हटलं, "असायला हरकत नाही." तो हसला आणि सायकलवर बसला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. एकतीसपैकी पाच पास. सोमी पाचात नव्हती. सगळे विषय सुटले होते, मराठीत तर शाळेत पहिली. विज्ञान सहा मार्कांनी गेलं.

पाऊस लागून आठदहा दिवस झाले असतील. आवणाची घाई होती, म्हणजे रोपं काढून चिखलात लावायची, त्यामुळे पाड्यांवरचं माणूस शाळेकडे फिरकत नव्हतं. अशात एका सकाळी चिंधू आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर इरलं. इरलं त्यानं ओट्यावर उतरवून ठेवलं आणि आत आला. पागधरे सर पालघरला गेले होते. ऑफिसात मी एकटाच.

"पोरीचा दाखला पायजे," तो म्हणाला.

"ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं तिला. एकच विषय आहे."

"ती नको सांगते. दाखला आन सांगते."

मी दाखल्यांचं पुस्तक काढलं. तो उभाच राहिला. मी बस म्हटलं तरी बसला नाही. खुर्ची चिखलानं भरेल म्हणाला. मी अर्धा दाखला लिहिला असेन, तेव्हा तो बोलला.

"सर, एक इचारू? सायब आलता तवा मी त्याला काय सांगला?"

मी पेन खाली ठेवलं.

"सोमी माज्यासंगं बोलत नाय," तो म्हणाला. "शिमग्याला आलो तवापासून. भाकर देते, पानी देते, पन बोलत नाय. लाडकीनं खोदून खोदून इचारला तवा सांगते, बा सायबाला सांगून गेला, माजी पाट मोडली त्यानं. मी सांगतो, मी कोना सायबाला बगला पन नाय. ती सांगते, तुजा अंगठा हाय. आता अंगठा हाय तर मी कायतरी सांगला आसंल. काय सांगला तेवडा मला वाचून दावा."

अभिप्रायांच्या नकला फायलीत होत्या. पागधरे सर कशाचीही नकल ठेवत. मी फाईल काढली, चिंधूचं पान काढलं आणि वाचलं. तीन वाक्यं. वाचायला काही वेळ लागत नाही.

तो ऐकत होता. म्हणाला, "परत एकदा."

मी परत वाचलं.

"हे मी लिहिलं," मी म्हटलं. "तुझ्या वरकड कागदावर. सगळ्यांच्याच कागदांवर लिहिलं. वर्ग बंद होईल म्हणून."

मला वाटलं तो चिडेल. चिडला असता तर मला बरं झालं असतं. तो पत्र्यावरच्या पावसाचा आवाज ऐकत असल्यासारखा उभा राहिला.

"वाईट नाय लिवला," तो शेवटी म्हणाला. "मी आसतो तरी मी हाच सांगला आसता. सायबाच्या तोंडावर शालेला वाईट कोन सांगल? आमी नाय सांगनार." मग म्हणाला, "पन मी आसतो तर पोरीला इचारला आसता पयला. तिला म्हायती ना, शालेत काय हाय नि काय नाय."

मी म्हटलं, "तिनं खरं लिहिलं होतं. मी दारात होतो. बोललो नाही."

"ता मला नका सांगू. भायेर हाय ती. तिला सांगा."

मला ठाऊक नव्हतं ती आलीय. मी दाराशी गेलो. सोमी ओट्यावर बापाच्या इरल्याशेजारी बसली होती. पाय चिखलानं भरलेले, शेतातूनच आली होती. मला बघून उभी राहिली. सवयच ती, सर दिसले की उभं राहायचं. मी तिला आत बोलावलं. ती आत आली आणि बापापासून लांब, कपाटाशी उभी राहिली.

मी पुन्हा तो कागद वाचणार होतो, पण चिंधू म्हणाला, "वाचू नका. आयकलेला हाय तिनं. कोनी लिवला तेवडा सांगा."

"मी लिहिला," मी म्हटलं. "तुझ्या बापानं काही सांगितलं नव्हतं. तो कोऱ्या कागदावर अंगठा देऊन गेला होता. उलट जाताना त्यानं मला विचारलं होतं, विज्ञानाला मास्तर नाही हे खरं का. मी येईल म्हणून सांगितलं."

सहा महिने जे एक वाक्य बोलायचं राहिलं होतं ते बोलून झालं. काहीच झालं नाही. छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात, तेही उतरलं नाही. समोर एक नापास मुलगी उभी होती आणि टेबलावर तिचा अर्धा लिहिलेला दाखला होता.

सोमीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती बापाकडे बघत होती. शिमग्यापासून पहिल्यांदा त्याच्याशी बोलली असेल ती.

"मग तू मला सांगला का नाय? मी अंगठा हाय सांगला तवा? नुसता खाली बगत बसलास."

चिंधू चिखलाच्या हातांनी धोतराचं टोक चाचपत होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढं अवघडलेपण मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्यापुढे, तिच्यापुढे, त्या कागदापुढे.

"कसा सांगू?" तो म्हणाला. "मला कुटं म्हायती, मी काय सांगला तो."

मग तिनं तोंड फिरवलं आणि डोळ्यांवरून बाही ओढली. मी दाखल्याचा उरलेला भाग लिहिला. शाळा सोडण्याचं कारण, असा एक रकाना असतो. तिथं 'पालकाच्या इच्छेवरून' लिहायची पद्धत होती. मी तो रकाना कोरा ठेवला आणि दाखला तिच्या हातात दिला. तिनं तो पोलक्यात घातला, भिजू नये म्हणून. बापलेक ओट्यावरून उतरले, एकच इरलं दोघांच्या डोक्यावर, आणि शेताच्या बांधानं निघाले.

घंटा झाली. आठवीचा तास होता, विज्ञानाचा. मी पुस्तक घेतलं आणि वर्गावर गेलो.